तान्ह्या बाळाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट कशासाठी?

प्रश्न : लेकीचं बाळंतपण आमच्याकडे लोणंदला झालं. माउलींच्या पालखीचा मुक्काम हलला आणि दोन दिवसांत नात झाली. आता ती दहा दिवसांची आहे. जावईबापू पुण्याहून फोटोग्राफर घेऊन येणार आहेत आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइटच काढायचे म्हणतात. आमच्या वेळी रंगीत फोटो परवडत नव्हता, म्हणून तसले काढायचे. आता मोबाइलमध्ये सगळे रंग असताना मुद्दाम ते घालवायचे कशासाठी? शिवाय शेजारणी म्हणतात, बारशाआधी फोटो काढू नये, दृष्ट लागते. फ्लॅशने बाळाचे डोळे जातात. नात अजून लालबुंद आहे, चेहरा जरा पिवळाही वाटतो. काय करावं?
— एक आजी, लोणंद (जि. सातारा)

उत्तर : आजी, नातीबद्दल तुमचं आणि लेकीचं मनापासून अभिनंदन. तुमची काळजी रास्त आहे आणि जावयांची हौसही. थोडक्यात सांगायचं तर ब्लॅक अँड व्हाइट फोटो जरूर काढा, पण तोच फोटो रंगीतही जपून ठेवा. दोन्हींची कामं वेगळी आहेत. आता एकेक शंका घेऊ.

रंग काढून टाकल्यावर हाती काय लागतं?

नवजात बाळाच्या अंगावर दिसणारा रंग हा त्याचा कायमचा रंग नसतो. जन्मताना बाळाच्या रक्तात हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि कातडी पातळ असते, म्हणून ते लालबुंद दिसतं. पहिले एक-दोन दिवस तळहात, तळपाय निळसर असू शकतात. नाकावर पांढरे बारीक ठिपके असतात, अंगावर मधूनच लालसर पुरळ उठतं, कमरेवर निळा-करडा डाग असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बऱ्याच बाळांच्या चेहऱ्यावर पिवळेपणा येतो. यातलं बहुतेक सगळं आपोआप जातं. कमरेवरचा डाग मात्र काही वर्षं राहतो.

रंगीत फोटोत नजर आधी या रंगांवरच जाते. त्यात घराची भर पडते. भिंत हिरवी असेल तर तिचा हिरवा उजेड बाळाच्या गालावर येतो, बल्ब पिवळा असेल तर सगळंच पिवळं दिसतं, वर दुपट्याचा भडक गुलाबी आणि गोधडीचे दहा रंग. एवढ्या गर्दीत मुठीएवढा चेहरा हरवतो. रंग काढले की कपाळावरची लव, ओठांची ठेवण, कानाची पाळी, मिटलेल्या मुठीवरच्या सुरकुत्या दिसायला लागतात. नाक कोणावर गेलंय आणि हनुवटी कोणाची, हा प्रत्येक घरातला वाद मिटवायलाही असा फोटो बरा. तुमचा स्वतःचा लहानपणीचा एखादा जुना फोटो असेल तर तो नातीच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. दोन्ही काळे-पांढरे असले की काळाचं अंतर गळून पडतं आणि चेहरेच एकमेकांसमोर येतात.

मात्र नुसतं बटण दाबून रंग घालवले म्हणजे फोटो चांगला होतो, असं नाही. डिजिटल कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा नोंदवतो. यातला लाल भाग जास्त घेऊन काळा-पांढरा फोटो केला तर बाळाची लाली उजळ होते, पुरळ आणि ठिपके विरतात, कातडी तलम दिसते. निळा भाग जास्त घेतला तर उलट होतं. प्रत्येक डाग काळा होऊन उठतो. फोटोग्राफरला तेवढं जरूर सांगा. मोबाइलवर करायचं असेल तर फोटो आधी रंगीतच काढा, मग लाल आणि नारिंगी रंगाची पट्टी थोडी वाढवून तो काळा-पांढरा करा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगा : नातीला गोरी करायची नाही. कितीतरी अॅप न विचारताच कातडी उजळ करतात. सावळ्या चेहऱ्यावरचा प्रकाश काळ्या-पांढऱ्या फोटोत फार देखणा उतरतो. तिचा सावळेपणा पुसला तर त्या फोटोत तिच्याऐवजी दुसरंच कोणीतरी दिसेल.

मग जुन्या अल्बमात तान्ह्या बाळांचे फोटो का दिसत नाहीत?

फोटोग्राफी १८३९ साली जगापुढे आली आणि महाराष्ट्रात पोचायला तिला फार वेळ लागला नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी स्वतः चांगले छायाचित्रकार होते. तरीही त्या काळात दहा दिवसांच्या बाळाचा फोटो काढणं जवळजवळ अशक्य होतं.

पहिली अडचण वेळेची. त्या वेळच्या ओल्या काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत आणि बाळ तेवढा वेळ स्थिर राहत नाही. युरोपात यावर एक तोड काढली होती. आई स्वतः कापडाखाली लपून बाळाला मांडीवर घट्ट धरून बसे. असे कितीतरी फोटो आज संग्रहांमध्ये आहेत. त्यांत बाळ स्पष्ट दिसतं आणि मागे पडद्यासारखी बसलेली आई ओळखूही येत नाही. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची रीत मांडली. ती सुधारत गेली तसा सेकंदाच्या छोट्याशा भागात फोटो निघायला लागला.

दुसरी अडचण रंगाचीच होती. सुरुवातीच्या प्लेटवरच्या चांदीच्या क्षारांना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळे. लाल रंग त्यांच्यावर काळा उमटे. खूप जुन्या फोटोंत ओठ काळे आणि चेहरे आहेत त्यापेक्षा सावळे दिसतात ते यामुळे. मग लालबुंद बाळाची काय गत होणार? १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं, की काही रंगद्रव्यं मिसळली तर प्लेटला हिरवा प्रकाशही कळतो. सगळे रंग जाणणाऱ्या प्लेट १९०६ च्या सुमाराला बाजारात आल्या.

तिसरं कारण आपल्या घरातलं. बाळंतिणीची खोली अंधारी, दारं-खिडक्या बंद, आत शेगडी आणि धुरीचा धूर, बाहेरच्या माणसाला मज्जाव. तिथे फोटोग्राफर जाणार कुठून? म्हणून आपल्याकडे बाळाचा पहिला फोटो मान सावरल्यानंतरचा, स्टुडिओत जाऊन काढलेला. टेबलावर पालथं घातलेलं बाळ, कमरेला करदोटा, पायात वाळे, गालावर तीट. तुमच्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक घरात असा एक फोटो असेल.

पुढे उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याची ‘इंदू’ फिल्म आणि कागद गावोगावच्या स्टुडिओत पोचले. घरात ‘आग्फा क्लिक थ्री’ असणं कौतुकाचं होतं. तिच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, त्यामुळे प्रत्येक फोटो विचार करून काढला जाई. आज बाळाचे दिवसाला शंभर फोटो निघतात आणि मोबाइल बदलला की सगळे जातात. जुन्या रीतीतून घेण्यासारखं काही असेल तर तो विचार.

बारशाआधी फोटो काढला तर दृष्ट लागते का?

नाही लागत. पण ही भीती कुठून आली ते समजून घेतलं पाहिजे. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी छायाचित्रकाराचा धंदा करत. बडोद्यात त्यांना लोकांच्या एका समजुतीशी झगडावं लागलं : कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं. लहान बाळांच्या बाबतीत ही धास्ती जास्त, कारण बाळं खरोखरच दगावत होती. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात. पाचवी पुजायची, सटवीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, बारा दिवस बाळाला कोणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, या सगळ्यामागे ती धाकधूक होती. २०२० साली हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. लसी, दवाखान्यातली बाळंतपणं आणि आयांच्या पोषणामुळे हे घडलं.

त्या रिवाजातला एक भाग मात्र आजही उपयोगाचा आहे. पहिले दिवस बाळाजवळ गर्दी नको. पालखीच्या दिवसांत लोणंदला घरोघर पाहुणे असतात, पावसाळी हवेत खोकला-सर्दीही असते. फोटोग्राफर एकच येऊ दे. त्याला सर्दी असेल तर दिवस पुढे ढकला. आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय त्याने बाळाजवळ जायचं नाही.

शेजारणींचंही मन राखता येईल. फोटो आत्ता काढा, कारण पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं अंग आक्रसून घेतं. तो आकार नंतर जातो. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर तो बारशानंतरच पाठवा. नाव ठेवल्यावर नावासह पाठवता येईल. स्टेटसला मात्र मुळीच ठेवू नका. लेकराचा चेहरा कुठवर जाऊ द्यायचा, हे आई-बापांनी ठरवायचं असतं, आणि एकदा सुटलेला फोटो परत घेता येत नाही.

तीट हवी तर गालावर किंवा तळपायाला लावा. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती छानच दिसते. डोळ्यांत काजळ मात्र घालू नका. काजळात शिसं असू शकतं, आणि बोटावाटे डोळ्यांत जंतू जातात.

फ्लॅशने डोळ्यांना इजा होते का?

साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने बाळाची दृष्टी जाते, याला वैद्यकीय आधार नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा डॉक्टर प्रखर प्रकाश टाकूनच तपासतात. तरीही फ्लॅश नको. एक तर बाळ दचकतं, हात-पाय फेकतं आणि झोपमोड होते. दुसरं म्हणजे समोरून आलेल्या फ्लॅशमुळे चेहरा सपाट होतो, सगळ्या सावल्या पुसल्या जातात. काळ्या-पांढऱ्या फोटोचा सगळा जीव सावलीत असतो. सावली गेली तर रंग काढून काहीच साधत नाही.

पिवळेपणाचं काय?

आजी, तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना थोडी कावीळ होते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत उतरते. पण ती पहिल्या चोवीस तासांत दिसली, पिवळेपणा पोट-पाय करत तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झालं, अंगावर पिईना किंवा शी पांढरट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला तरी दाखवायचं. तुमची नात दहा दिवसांची आहे आणि चेहरा अजून पिवळा वाटतो म्हणता, तर फोटोग्राफर येण्याआधी तिला एकदा दाखवून आणा. घरच्या घरी बघायचं तर दिवसाच्या उजेडात, उघड्या अंगाने बघा. बल्बखाली नको. कोवळ्या उन्हात ठेवणं हा काविळीवरचा उपचार नव्हे.

ब्लॅक अँड व्हाइट फोटो हा पिवळेपणा पूर्ण लपवतो. लाल भाग जास्त घेतला की पिवळी कातडी उजळच दिसते. फोटोसाठी हा गुण, तब्येतीसाठी दोष. म्हणून रंगीत मूळ प्रत पुसू नका. डॉक्टरांना फोटो पाठवायचा झाला तर रंगीतच पाठवा, आणि तोही तपासणीच्या जागी नव्हे.

फोटो घरीच नीट कसा काढता येईल?

आषाढातलं ढगाळ आभाळ यासाठी उत्तम. ढगांतून गाळून आलेल्या उजेडात सावल्या मऊ पडतात. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, उत्तरेची किंवा ऊन थेट न येणारी खिडकी निवडा. पंखा बंद करा, वारं येत असेल तर झडप लोटून घ्या. बाळाचं पोट भरलेलं हवं, खोली उबदार हवी. बाळाला खिडकीपासून दोन-तीन हातांवर, गादीवर उताणं झोपवा. उजेड एका बाजूने, थोडा डोक्याकडून यावा. खालून हनुवटीकडून आला तर चेहरा भेसूर दिसतो. दुसऱ्या बाजूला कोणीतरी पांढरं धोतर किंवा चादर धरली की त्या बाजूची सावली हवी तेवढी उजळते.

डोळे उघडे हवे असतील तर लेकीला बाळाच्या चेहऱ्याजवळ, वीतभर अंतरावर वाकू दे. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच जरा नीट दिसतं आणि गडद-उजळ फरक चटकन कळतो. आईचे काळे केस आणि कपाळावरची टिकली यांवर त्याची नजर ठरते. कॅमेरा आईच्या खांद्यावरून असू दे.

कपडे कमीत कमी नक्षीचे. तुमच्या घरची पांढरी कुंची, साधं झबलं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं पुरे. गोधडीचा धावदोरा तिरप्या उजेडात फार सुरेख उमटतो.

भाड्याने आणलेल्या टोपल्या, बरण्या, झोके नकोत. इंटरनेटवर हनुवटी हातांवर टेकवून बसलेल्या बाळाचे फोटो दिसतात. ते एका क्लिकचे नसतात. एका फोटोत कोणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि मग ते हात पुसून दोन्ही फोटो जोडतात. ही रीत ठाऊक नसलेला माणूस बाळाला खरोखर तसं बसवू पाहतो आणि त्याच्या मानेला धोका होतो. अशा फोटोचा आग्रह धरणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

मग फोटोत बाळाबरोबर काय असावं?

हात. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अॅन गेडीज या छायाचित्रकार बाळांना फुलापानांत बसवलेल्या रंगीत फोटोंसाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांचं फार गाजलेलं एक छायाचित्र काळं-पांढरं आहे. १९९३ साली काढलेल्या त्या फोटोत अपुऱ्या दिवसांची, जेमतेम किलोभर वजनाची मनीषा नावाची मुलगी जॅक नावाच्या माणसाच्या दोन मोठ्या तळहातांत झोपली आहे. फोटोत दुसरं काहीच नाही. बाळ किती लहान होतं ते त्या हातांमुळेच कळतं. तुमच्या नातीच्या फोटोतही तुमचे हात येऊ द्या. कातडीचे दोन पोत शेजारी आले की काळ्या-पांढऱ्या फोटोला पुरेसं सांगायला मिळतं.

असाच एक फोटो वेन मिलर या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४६ साली काढला. त्याचा मुलगा जन्मला तो क्षण, आणि बाळंतपण करणारे डॉक्टर म्हणजे बाळाचे आजोबा. ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या जगभर फिरलेल्या प्रदर्शनात तो होता. ते प्रदर्शन १९५६ साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतही आलं होतं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर, माणसाचा जन्म कसा होतो ते सांगायला, मिलरचाच फोटो निवडला गेला. त्याच तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि मराठीतला नमस्कारही आहे.

आणखी एक गोष्ट, हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरासाठी. काही बाळं येतात आणि थांबत नाहीत. अमेरिकेत २००५ पासून ‘नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप’ ही संस्था अशा बाळांचे फोटो आई-वडिलांना विनामूल्य काढून देते, आणि ते मुख्यतः काळे-पांढरे असतात. आजारपणाच्या, नळ्यांच्या खुणा त्यात मागे राहतात आणि आईला बाळाचा चेहरा मिळतो. आपल्याकडे अशा बाळाचं नावही कोणी काढत नाही. पण एखाद्या आईला तो फोटो हवा असेल तर तिला अडवू नये.

काढलेला फोटो टिकवायचा कसा?

जुने काळे-पांढरे फोटो शंभर वर्षं टिकले, कारण त्यांत चित्र चांदीच्या कणांचं असे. नीट धुतलेला फोटो टिके. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, राहून गेलं तर पिवळा पडे. १९७०–८० च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर होतात, कारण त्यांतलं निळसर रंगद्रव्य आधी उडतं. आता एक मेख ध्यानात घ्या. आजच्या लॅबमधला ब्लॅक अँड व्हाइट फोटो बहुतेकदा रंगीत कागदावरच छापलेला असतो. दिसतो काळा-पांढरा, पण उडतो रंगीत फोटोसारखाच. म्हणून निदान दोन-तीन फोटो पिगमेंट शाईने, आम्लविरहित सुती कागदावर छापून घ्या. चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका. काचेला चिकटू नये म्हणून फ्रेममध्ये पुठ्ठ्याची कड ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यांतलं एक ठिकाण घराबाहेरचं, म्हणजे जावयांच्या पुण्याच्या घरी.

येत्या संक्रांतीला नातीचं बोरन्हाण कराल, तेव्हा पुन्हा एक फोटो काढा. काळं झबलं आणि पांढरे हलव्याचे दागिने : आपल्या परंपरेनेच काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी बाळाला नटवलेलं असतं. फक्त कॅमेरा काळं कापड पाहून फोटो उगीच उजळ करतो आणि हलव्याचे काटे पांढऱ्यात विरून जातात. उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, काटे दिसायला लागतील.

शेवटचं काम तुमच्याकडे, आजी. फोटो हाती आला की त्याच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा : नातीचं नाव, जन्मतारीख, फोटोचा दिवस, लोणंद, फोटो कोणी काढला आणि हात कोणाचे आहेत. घरोघरच्या ट्रंकांमध्ये अशी कितीतरी बाळं आहेत, जी कोण ते आता सांगणारं कोणी उरलेलं नाही. त्यांचे फोटो टिकले, पण नावं टिकली नाहीत. नातीच्या बाबतीत दोन्ही टिकवणं तुमच्या हाती आहे.